भिंत आधी, रंग नंतर

दशलक्षण पर्व आटोपले की व्यापारी घरांना दिवाळीचे वेध लागतात. दुकानात मालाची आवक वाढते, वहीपूजनासाठी नव्या वह्या सांगून ठेवल्या जातात आणि घरात हमखास एक विषय निघतो: यंदा रंग द्यायचा का? पोते काट्यावर चढवल्याशिवाय पावती न करणारे गृहस्थ रंगकामाचा व्यवहार मात्र जिन्यात उभ्या उभ्या उरकतात. ‘मिस्त्री, दिवाळीच्या आत करून द्या,’ एवढ्या एका वाक्यावर मोठा खर्च ठरून जातो.

समजा, कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतील एका धान्य व्यापाऱ्याचे असेच एक घर आहे. खाली पेढी, वर राहती जागा. घरची लेक पहिल्या बाळंतपणासाठी दिवाळीनंतर माहेरी येणार आहे. तिची खोली पश्चिमेकडची. पावसाळाभर त्या भिंतीने झोडपा सोसलेला. खिडकीखाली रंगाचे पापुद्रे सुटलेले आणि पांढरा क्षार, म्हणजे लोणा, फुटलेला. मिस्त्री येऊन पाहतात आणि म्हणतात, “शेठजी, काळजी सोडा. पुट्टीचे दोन हात मारले की ओल दिसणार नाही.”

सूनबाई दारातूनच विचारतात, “दिसणार नाही, पण जाईल का?”

रंगकामाचे सारे मर्म या प्रश्नात आहे. रंग हे भिंतीचे वस्त्र आहे, औषध नव्हे. ओल्या भिंतीवर उत्तम प्रतीचा रंग दिला तरी आतले पाणी बाहेर येताना क्षार घेऊन येते आणि रंगाला ढकलून देते. म्हणून पहिले काम ओलीचे मूळ शोधण्याचे. गच्चीच्या कठड्याला तडा आहे का, खिडकीचा पाट आत उतरला आहे का, न्हाणीघराचा नळ भिंतीत झिरपतो का, हे आधी पाहावे. एक सोपी परीक्षा घरीही करता येते. भिंतीवर फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवावा आणि दुसऱ्या दिवशी पाहावे. थेंब प्लॅस्टिकच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूस असतील तर ओल भिंतीत आहे. बाहेरच्या बाजूस असतील तर ती खोलीतील दमट हवेची आहे. पहिल्या प्रकारात गवंडी आधी, रंगारी नंतर. दुरुस्तीनंतरही भिंत पुरती वाळू द्यावी लागते. नव्या गिलाव्याला तर निदान महिनाभर अवधी हवा.

दुसरा प्रश्न त्या खोलीच्या दारांचा. आजोबांच्या काळापासून त्यांवर ऑइल पेंटचे थर चढत आले आहेत. मिस्त्रींचा विचार ती कोरडी घासून काढण्याचा. येथे मात्र थांबावे. जुन्या तैलरंगांत शिसे असण्याचा संभव असतो. घासताना उडणारी धूळ श्वासातून आणि हातातोंडातून शरीरात जाते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला शिसे बाधते आणि गर्भवतीच्या शरीरातून ते गर्भापर्यंत पोहोचते. केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांनी घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग इतकी ठरवली आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून ती लागू झाली. नवा डबा घेताना त्यावर तशी नोंद पाहावी. जुन्या दाराला मात्र हा नियम मागे जाऊन शुद्ध करीत नाही. जुना थर घट्ट असेल तर तो काढूच नये. पाणी लावून हलकेच घासावा, ओल्या फडक्याने पुसावा आणि त्यावर रंग द्यावा. थर सुटत असेल तर ओले करूनच खरवडावे, खाली प्लॅस्टिक अंथरावे, कचरा झाडूने न उडवता गोळा करून बांधावा. कारागिराच्या तोंडाला धुळीसाठीचा योग्य मास्क असावा. त्याचा श्वासही आपल्या घरच्यांच्या श्वासाइतकाच मोलाचा आहे. या दिवसांत मुले आणि गर्भवती स्त्रिया यांनी त्या भागात फिरकू नये.

एवढे झाले की मग रंगाची निवड. कोणती भिंत काय सोसते, त्यावरून तिचा रंग ठरवावा. दिवाणखान्याच्या भिंती मोठ्या आणि उजेडात असतात. तेथे मॅट इमल्शन शोभते, कारण ते गिलाव्याचे उंचसखलपण झाकते. तकाकी जितकी अधिक, तितके भिंतीचे दोष उघडे पडतात. पण तितकीच ती पुसायलाही सोपी असते. म्हणून मुलांची खोली, जिना आणि येण्याजाण्याचा बोळ यांना मंद तकाकीचे, धुता येणारे इमल्शन द्यावे. स्वयंपाकघरात फोडणीची वाफ बसते. तेथे अधिक तकाकीचा रंग हवा. न्हाणीघराच्या छताला बुरशीरोधक रंग आणि वारा जाण्यास वाट, दोन्ही लागतात. छताला आणि माळ्याला डिस्टेंपर पुरेसा होतो. लोखंडी गजांवरचा गंज काढून आधी धातूचा प्रायमर आणि मग इनॅमलचे दोन हात द्यावेत. जुन्या वाड्याच्या माती-चुन्याच्या भिंतींना प्लॅस्टिक पेंट मानवत नाही, कारण त्यांची ओल बाहेर पडण्याची वाट बंद होते. त्यांना चुन्याची सफेदीच हितकर.

अहिंसेचा विचार करणाऱ्या घरांना आणखी दोन गोष्टी ठाऊक असाव्यात. सफेदीचा चुना भिंतीला धरून राहावा म्हणून त्यात सरस घालण्याची जुनी रीत आहे आणि सरस प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून बनतो. त्याऐवजी झाडाचा डिंक वापरता येतो. तसेच अनेक ब्रश डुकराच्या केसांचे असतात. इमल्शनसाठी नायलॉन किंवा पॉलिस्टरचा ब्रश मागावा. नैसर्गिक केस पाणी पिऊन मऊ पडतात, त्यामुळे पाण्याच्या रंगाला कृत्रिम तंतूंचा ब्रशच अधिक चांगला. पावसाळ्यात शेवाळलेली भिंत खरवडली तर असंख्य जीवांची हानी होते. ती उन्हाने आपोआप कोरडी पडेपर्यंत थांबणे धर्मालाही धरून आहे आणि रंगालाही.

आता व्यवहार. काम मालासह द्यायचे की केवळ मजुरीने, हे प्रथम ठरवावे. दर चौरस फुटावर असेल तर मोजणी दोघांनी मिळून करावी. बारा बाय दहाची, दहा फूट उंच खोली घेतली तर चार भिंती ४४० आणि छत १२० असे ५६० चौरस फूट होतात. सात बाय तीनचे एक दार आणि चार बाय चारची एक खिडकी वजा केली तर ५२३ उरतात. ही वजावट करायची की नाही आणि दारे-गजांचा दर वेगळा की त्यातच, हे काम सुरू होण्याआधी लिहून घ्यावे. कागदावर आणखी चार गोष्टी असाव्यात: कोणता रंग आणि त्याचा शेड क्रमांक, पुट्टी व प्रायमरचे किती हात, रंगाचे किती हात, आणि डाग-साफसफाई कोणाकडे. डबे घरासमोर उघडले जावेत आणि एका भिंतीचे सारे डबे एकाच बॅचचे असावेत. पाणी डब्यावर सांगितले आहे तेवढेच मिसळावे आणि दोन हातांमध्ये निदान चार ते सहा तास जावेत. काही डब्यांत कारागिरासाठी कुपन असते. ते त्याचा हक्क समजून द्यावे. पण केवळ त्यापायी विशिष्ट रंग गळ्यात पडत नाही ना, एवढे पाहावे. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत: थोडी उचल, भिंतीची तयारी पाहून एक हप्ता, रंग झाल्यावर दुसरा, आणि शेवटची रक्कम सर्व खोल्या दिवसाच्या उजेडात पाहून. ठरल्या दिवशी ठरलेले पैसे देणाऱ्या घरी चांगला कारागीर पुन्हा येतो. बाहेरच्या भिंतीसाठी कारागीर परांचीवर चढणार असेल तर कमरपट्टा आणि दोर यांवाचून काम सुरू होऊ देऊ नये.

लक्ष्मीपुरीतील त्या घरी अखेर काय ठरावे? सूनबाई सुचवतात, “अण्णा, ताईंची खोली आपण पूर्वेकडे करू. ती भिंत कोरडी आहे.” अण्णा मिस्त्रींना तसे सांगतात. पूर्वेकडची खोली आधी रंगते आणि लेक येण्यापूर्वी तीन आठवडे खिडक्या उघड्या ठेवून तिचा वास जाऊ दिला जातो. पश्चिमेच्या खिडकीचा पाट गवंडी दुरुस्त करतो. लोणा कोरड्या ब्रशने झाडला जातो आणि ती भिंत तशीच उघडी राहते. वहीपूजनाच्या दिवशी पाहुण्यांपैकी कोणी तिच्याकडे बोट दाखवले तर आजी सांगतात, “ती वाळते आहे. तिचा रंग फाल्गुनात.”