अंगावर पिणाऱ्या लेकरांना दिवसा पोटभर जेवू घाला : छत्रपती संभाजीनगरकरांना आवाहन



आपल्याकडे उष्टावण थाटात होते. चांदीची वाटी, खीर, मामाची मांडी, फोटो. पुढे सात-आठ महिन्यांनी त्याच लेकराची आई रडकुंडीला आलेली असते : 'काहीच खात नाही हो, नुसतं अंगावर पितं. रात्री चार-चारदा उठतं.' अंगणवाड्यांची मुख्यसेविका म्हणून नोकरी केली तेव्हा हे गाऱ्हाणं मुकुंदवाडीत ऐकलं, हर्सूलला ऐकलं, वाळूजच्या कामगार वस्तीत ऐकलं. त्यावरचा घरगुती तोडगाही ठरलेला. 'दूध तोड, म्हणजे झक मारत खाईल.' मग कडुलिंबाचा पाला वाटून छातीला लावायचा, नाहीतर आईलाच चार दिवस लेकरापासून लांब पाठवायचं. माझी हात जोडून विनंती आहे, असं करू नका.

दुसऱ्या वर्षातसुद्धा लेकराला लागणाऱ्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा आईच्या दुधातून येतो. दोन वर्षांपर्यंत आणि त्यापुढेही पाजावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते ते उगीच नाही. ताप आला, हगवण लागली की लेकरू घास नाकारतं, पण अंगावर पितं. तेवढ्यावर ते तग धरतं. दूध चालूच राहू द्या. कमी पडतात ते उरलेले दोन हिस्से, आणि ते ताटातून यायचे असतात.

एखाद्या चौदा महिन्यांच्या लेकराचा दिवस नीट बघा. सकाळी चहात बुडवलेलं बिस्कीट. थोड्या वेळाने अंगावर. दुपारी वरणाचं वरवरचं पाणी, चार चमचे. मग पाच रुपयांचा पुडा. किरकिर केली की पुन्हा अंगावर. पोट दिवसभर अर्धवट भरलेलं, त्यामुळे कडकडून भूक लागतच नाही. आणि पुरेसं काही गेलेलंही नसतं, म्हणून रात्री ते पुन्हा पुन्हा दूध मागतं. आईला वाटतं, माझं दूध कमी पडतंय. शेजारीण म्हणते, डब्याचं दूध सुरू कर.

अपुऱ्या आहाराचा हा प्रश्न आपल्या जिल्ह्याला नवा नाही. वैजापूर तालुक्यातल्या बालमृत्यूंनी हादरून तेव्हाचे विभागीय आयुक्त व्ही. रमणी यांच्या पुढाकाराने मराठवाड्यात कुपोषणाविरुद्ध काम उभं राहिलं. त्यातूनच 2005 मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन निघालं आणि त्याचं कार्यालय मुंबईत नव्हे, आपल्या शहरात थाटलं गेलं. राज्यात दोन वर्षांखालच्या खुरटलेल्या बालकांचं प्रमाण 2005-06 मध्ये 39 टक्के होतं, ते 2012 पर्यंत 24 टक्क्यांच्या आसपास आलं. एवढं करून दाखवलेल्या राज्यात 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा महिने ते दोन वर्षांच्या शंभर लेकरांपैकी दहांनासुद्धा पुरेसा आहार मिळत नव्हता. पाच वर्षांखालच्या दर तिघांतल्या दोघांच्या अंगात रक्त कमी. चांगल्या पगाराच्या घरांतही मी वरणाचं पाणीच पाजताना पाहिलंय, म्हणून हे फक्त गरिबीचं दुखणं आहे असं मला वाटत नाही.

तर करायचं काय? आधी घट्टपणा बघा. चमचा तिरका केला आणि घास पटकन ओघळला, तर तो पातळ आहे. घरच्यांसाठी केलेली ज्वारीची भाकरी तिखट घालण्याआधीच्या वरणात कुस्करा, डाळीचा गाळ वर घ्या, चमचाभर तेल किंवा तूप सोडा. मुगाची खिचडी, अंडं, मेथी-पालक घातलेलं वरण, भाजून बारीक कुटलेले शेंगदाणे, तीळ. अख्खा शेंगदाणा किंवा फुटाणा मात्र देऊ नका, श्वासनलिकेत अडकतो. वर्षानंतर दिवसातून तीन-चार जेवणं आणि मध्ये एक-दोनदा फळ किंवा असंच काही. जेवणाआधी तास-दीड तास अंगावर घेऊ नका. जेवण झाल्यावर हवं तेवढं पाजा. पिंपात साठवलेलं पाणी उकळूनच द्या. चहा पूर्ण बंद करा, त्याने अन्नातलं लोह अंगी लागत नाही. आईच्या दुधात लोह थोडंच असतं आणि जन्माची शिदोरी सहा महिन्यांत संपत येते. म्हणून आशाताईंकडून मिळणारं लोहाचं सिरप आठवड्यातून दोनदा, 1 मिली, विसरू नका.

आज्यांना एक सांगणं. पहिल्या वर्षात वजन तिप्पट होतं, दुसऱ्यात जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं. भूक थोडी मंदावणं साहजिक आहे. शेजारच्या गुटगुटीत पोराशी तुलना करून सुनेला बोलू नका आणि नाक दाबून घास कोंबू नका. मोबाइल बाजूला ठेवा, आपल्या पंगतीत बसवा, त्याच्या हाताने खाऊ द्या. सांडेल. नवा पदार्थ आठ-दहा वेळा थुंकून मग आवडतो.

झोपेचं खरं सांगायचं तर नुसतं पोट भरल्याने सगळी लेकरं रात्रभर झोपत नाहीत. रात्रीतून सगळ्यांचीच झोप चाळवते. जे तोंडात दूध असतानाच झोपी गेलं, ते जाग येताच तेच शोधतं. म्हणून रात्रीचं जेवण साडेसातच्या आत, मग दूध, आणि डोळे पेंगुळले की तोंडातून काढून थोपटून निजवा. बाबांनो, इथे तुमची पाळी. वर्षावरचं लेकरू नीट जेवलेलं असेल, तर रात्री पहिल्यांदा उठेल तेव्हा तुम्ही घ्या, पाणी द्या, थोपटा. काही रात्री रडेल, पण कुशीत रडेल. सेकंड शिफ्टहून आल्यावर लाडाने उठवू मात्र नका. या वयात दुपारची धरून 11 ते 14 तास झोप लागते.

वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याच्या कारखानदारांनाही आठवण करून देते : 50 किंवा जास्त कामगार असतील तिथे पाळणाघर आणि आईला दिवसातून चारदा तिथे जायची मुभा हा कायदा आहे. बांधकामावरच्या मुकादमांनी बायांना लेकरू भरवायला निवांत अर्धा तास द्यावा.

या महिन्यात अंगणवाडीत जाऊन वजन-उंची करून घ्या, माता-बाल संरक्षण कार्डावर मांडून घ्या आणि तिथला पोषण आहार नेऊन लेकरालाच द्या. दोन महिने वजन हललं नाही, लेकरू माती किंवा पेन्सिल खातं, फिकट दिसतं किंवा झोपेत घोरतं, तर घाटी रुग्णालयात किंवा जवळच्या बालरोगतज्ज्ञांकडे दाखवा. जाताना कार्ड सोबत न्या, आणि बाबांनीही सोबत जा.