रात्रीचा पारा बघा

पुण्याची हवा थंड, इथे काहीही पिकतं, हा समज आपल्या गच्चीबागेच्या धंद्यात अजून पक्का आहे. समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवरचं शहर; एप्रिलात दुपारी ३८ अंश असले तरी पहाटे पारा २०-२१ वर उतरायचा. त्या पहाटेच्या जोरावरच इथल्या परसात उन्हाळ्यातही टोमॅटो लागत आले. आता ती पहाट सगळ्या पुण्याच्या वाट्याला येत नाही. मगरपट्टा, वडगावशेरीकडचं किमान तापमान पाषाण-शिवाजीनगरपेक्षा बरंच चढं असतं. त्यात आपली बाग स्लॅबवर. दिवसभर तापलेलं काँक्रीट मध्यरात्र उलटली तरी ऊब सोडत राहतं. खालच्या खोलीत पंखा गरम वारा फेकतो आणि वर टोमॅटोची फुलं गळतात, दोन्ही त्या एकाच स्लॅबमुळे.

फुलगळीचा फोन आला की आपण मात्र खत सुचवतो. दिवसा ३५ आणि रात्री २४ अंशांच्या वर पारा राहू लागला की टोमॅटोचे परागकण निकामी होऊ लागतात. मग बोरॉन फवारा, फुलांना टिचक्या मारा, फळ धरत नाही. आधी धरलेली फळंही पिवळट-नारिंगी राहतात, कारण लाल रंग देणारं लायकोपिन तिशीच्या वर नीट तयार होत नाही. ढोबळी मिरचीचीही तीच गत.

दुसरा घोळ पाण्याचा. दुपारी तीनला काळ्या ग्रोबॅगच्या पश्चिमेकडच्या बाजूला हात लावून पाहा, चटका बसतो. त्या बाजूची पांढरी मुळं तपकिरी पडलेली असतात. कोकोपीट एकदा कडकडीत वाळलं की आक्रसतं आणि पिशवीपासून सुटतं. वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली जातं. ग्राहक म्हणतो, ‘पाणी तर रोज घालतो हो’, आणि तो खोटं बोलत नसतो. अशा पिशवीला थोडं थोडं पाणी दोन-तीनदा द्यावं लागतं, वर पालापाचोळ्याचा जाड थर आणि बाहेरून गोणपाट. दुपारी माना टाकलेल्या झाडाला लगेच पाणी देऊ नका. सकाळी सातला तीच पानं ताठ असतील तर मुळाशी ओल आहे.

हिरवं शेडनेट झाडांच्या डोक्यावर ताणून बसवायची पद्धतही सोडायला हवी. जाळी उंच हवी, बाजू मोकळ्या हव्यात आणि शक्यतो रंग पांढरा हवा. पण जाळीपेक्षा मांडव बरा. दुधी, दोडका, मायाळू किंवा चवळीचा वेल सावली तर देतोच, शिवाय पानांतून १ लिटर पाणी उडताना सुमारे दोन-तृतीयांश युनिट विजेएवढी उष्णता हवेतून ओढून घेतो. कोकणच्या दमट हवेत हा हिशेब एवढा फळत नाही, आपल्याकडच्या कोरड्या एप्रिल-मेमध्ये फळतो. मांडव जानेवारी-फेब्रुवारीत लावलेला असला, तरच मेमध्ये खालची खोली सुसह्य होते. ग्राहकाला भाजी आणि गारवा एकाच खर्चात मिळतो हे आपण सांगतच नाही. लेट्यूसची रोपं मात्र मार्चमध्येही विकतो!

तेव्हा कामाच्या प्रत्येक गच्चीवर किमान-कमाल तापमापक टांगा आणि पहाटेचा आकडा वहीत लिहा. या मेमध्ये नव्या गच्चीवर टोमॅटोची रोपं देऊ नका. मागणी आलीच, तर भेंडी, गवार, मायाळू द्या आणि टोमॅटोसाठी पावसाळा सुरू झाल्यावर यायला सांगा.