ओपन डे आणि सहा नंबरचे काउंटर

बारावीचा निकाल लागला की खाजगी विद्यापीठांच्या जाहिराती चौकाचौकांत झळकू लागतात. "आमचा कॅम्पस पाहा, मग ठरवा" असे आवाहन असते. त्या दिवसाला ओपन डे म्हणतात. गेली काही वर्षे आपल्या वस्त्यांमधली मुलेही अशा ओपन डेला जाऊ लागली आहेत. जायलाच हवे. ज्यांच्या आज्याला शाळेच्या पायरीवर बसवले गेले, त्यांच्या नातवंडांनी विद्यापीठाच्या दारातून ताठ मानेने आत शिरावे यात आनंदच आहे. प्रश्न आहे तो आत शिरल्यावर त्यांना काय दाखवले जाते आणि काय लपवले जाते याचा.

आमच्या बुद्धविहारातील अभ्यासिकेत यंदा विज्ञान शाखेतून बारावी झालेली नऊ मुले-मुली होती. त्यांतल्या सात जणांच्या घरात याआधी कोणीही कॉलेजची पायरी चढलेले नाही. त्यांना एकटे सोडायचे नाही असे आम्ही ठरवले आणि पालकांसह तीन ठिकाणी घेऊन गेलो. तिन्ही ठिकाणांहून निराश होऊन परतलो. ही निराशा आम्ही मुद्दाम लिहून काढत आहोत, कारण तिच्यातून आम्ही जे शिकलो ते कोणत्याही माहितीपुस्तकात छापलेले नसते.

पहिले ठिकाण पुण्याबाहेरचे एक खाजगी विद्यापीठ. गेटवर प्रत्येकाला कापडी पिशवी मिळाली. तिच्यात टोपी, पेन आणि चकचकीत पुस्तिका. मग थंडगार सभागृहात चित्रफीत दाखवली. त्यानंतर पोहण्याचा तलाव, जिम आणि काचेआडची एक प्रयोगशाळा. "आत जाता येणार नाही, बाहेरूनच पाहा," असे सांगण्यात आले. शेवटी प्रश्नोत्तरे झाली. एसटीच्या कार्यशाळेत मेकॅनिक असलेल्या एका पालकांनी उभे राहून विचारले, "मॅडम, इथं फ्रीशिप लागू होते का?" मंचावरच्या बाई गोड हसल्या आणि म्हणाल्या, "सर, फायनान्सबद्दलचे सगळे प्रश्न काउंटर नंबर सहावर."

आम्ही सहा नंबरच्या काउंटरवर गेलो. तिथे बँकेच्या शैक्षणिक कर्जाचा माणूस बसला होता.

दुसरे ठिकाण एक शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय. तिथे ओपन डे वगैरे काही नव्हताच. रखवालदाराने अर्धा तास थांबवले, कार्यालयात "साहेब मीटिंगमध्ये आहेत" हे उत्तर मिळाले आणि प्रयोगशाळेला कुलूप होते. वसतिगृहाच्या भिंतींना ओल आली होती. मुलांचे चेहरे उतरले. तेवढ्यात तिसऱ्या वर्षाला शिकणारा, मराठवाड्यातून आलेला एक मुलगा भेटला. त्याने तासभर आमच्यासोबत फिरून सगळे सांगितले. कोणते प्राध्यापक मनापासून शिकवतात, शिष्यवृत्तीचे पैसे किती उशिरा येतात, मेसचे बिल थकले की काय करायचे. त्या महिन्यात आम्हाला मिळालेली सर्वांत खरी माहिती ती होती आणि ती कोणत्याही मंचावरून मिळाली नव्हती.

तिसरे ठिकाण एका नामांकित संस्थेचे कॉलेज. स्वागत झाले, भाषण झाले, संस्थेच्या थोर परंपरेचे गुणगान झाले. व्हरांड्यात समान संधी कक्षाचा फलकही होता. आमच्यातल्या एका मुलीने त्यावरच्या नंबरवर तिथेच उभे राहून फोन लावला. पलीकडून उत्तर आले, "मी दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो, बाळा."

आता कोणी म्हणेल, कोल्ह्याला द्राक्षे आंबट. परवडत नाही म्हणून हे नावे ठेवतात. नाही मित्रहो. आम्हाला पोहण्याच्या तलावाचा राग नाही. आपल्या मुलांनीही त्यात पोहावे. आमचा आक्षेप एवढाच आहे की ज्या प्रश्नावर आपल्या मुलाची चार वर्षे टिकतात किंवा मोडतात, तो प्रश्न ओपन डेच्या कार्यक्रमात नसतोच. तो सहा नंबरच्या काउंटरवर ढकललेला असतो.

मागच्या वर्षी आमच्याच वस्तीतल्या एका मुलीने असाच चकचकीत कॅम्पस पाहून एका खाजगी कॉलेजात संस्था स्तरावरील जागेवर कॉम्प्युटरला प्रवेश घेतला. "स्कॉलरशिपचं बघू नंतर," असे तिला तोंडी सांगण्यात आले होते. नंतर कळले की व्यावसायिक अभ्यासक्रमात शासनाची शिष्यवृत्ती किंवा फ्रीशिप मिळायची तर प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप फेरीतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापनाच्या कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ती मिळत नाही. वडिलांनी पतपेढीचे कर्ज काढले. दुसऱ्या वर्षाची फी भरता आली नाही. आज ती मुलगी कपड्यांच्या दुकानात काउंटरवर उभी आहे. तिला कॅप फेरीतून दुसऱ्या एका साध्या कॉलेजात जागा मिळत होती. ते कॉलेज तिने नाकारले, कारण तिथली इमारत जुनी होती.

चूक तिची आहे असे आम्ही म्हणणार नाही. सतरा वर्षांच्या मुलीला हे कोणी सांगायचे होते? आम्हीच. जयंतीच्या मिरवणुकीचे नियोजन आम्ही दोन महिने आधी करतो, पण पसंतीक्रमाचा अर्ज भरायच्या आठवड्यात विहाराला कुलूप असते. हे आधी कबूल केले पाहिजे.

कॉलेज कसे निवडावे हे बाबासाहेबांच्या आयुष्याकडे पाहिले तरी कळते. १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. तिची मुदत संपली तेव्हा लंडनमधला अभ्यास अर्धवट टाकून १९१७ साली त्यांना परतावे लागले. १९२० साली पुन्हा लंडन गाठून त्यांनी तो पूर्ण केला. एवढा विद्वान माणूसही पैशाच्या मुदतीपुढे अडला, तर आपल्या मुलांचे काय? त्याच १९१७ साली बडोद्यात नोकरीला गेल्यावर त्यांना राहायला जागा मिळाली नाही, हेही आपण विसरता कामा नये. शिक्षणाआधी निवाऱ्याचा प्रश्न सुटावा लागतो हे राजर्षी शाहू महाराजांनी ओळखले होते. म्हणून कोल्हापुरात वसतिगृहे उभी राहिली आणि १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. विद्यार्थ्याचे जगणे पाहून कॉलेज घडवायचे ही आपली परंपरा आहे.

म्हणून पालकांनो, कॅम्पस पाहायला जरूर जा, पण प्रश्न घेऊन जा आणि उत्तर लेखी मागा.

पहिला प्रश्न फीचा. हा प्रवेश कॅपमधून आहे का? अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला प्रवेशाच्या दिवशी नेमके किती रुपये भरावे लागतील? शिष्यवृत्तीला पात्र विद्यार्थ्याकडून शिक्षण शुल्क आधी मागू नये असे शासन वारंवार बजावते, तरी ते मागितले जाते. केंद्राचा ६० टक्के हिस्सा आता थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो, तो उशिरा आला तर कॉलेज परीक्षेला बसू देणार का, हेही विचारा. संलग्न कॉलेजला जे लागू आहे तेच स्वयंअर्थसहाय्यित खाजगी विद्यापीठाला लागू असेल असे गृहीत धरू नका. आणि जात वैधता प्रमाणपत्राचे काम आजच सुरू करा.

दुसरा प्रश्न राहण्याचा. वसतिगृहात जागा किती, आपल्या प्रवर्गासाठी किती? शासकीय वसतिगृह मिळाले नाही तर स्वाधार योजना आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत तिची रक्कम वर्षाला ६० हजार रुपये. पण ती महिन्याच्या एक तारखेला हातात पडत नाही. तोवरच्या खोलीभाड्याची आणि मेसची तजवीज आधी करा.

तिसरा प्रश्न आकड्यांचा. पुस्तिकेत सर्वांत मोठे पॅकेज छापलेले असते. ते एका मुलाचे असते. एनआयआरएफ क्रमवारीसाठी कॉलेज जी माहिती सादर करते ती त्याच्या संकेतस्थळावर ठेवलेली असते. तिथे मध्यम पगार लिहिलेला असतो, म्हणजे निम्म्या मुलांना ज्याहून कमी मिळाला तो आकडा. सामाजिकदृष्ट्या मागास विद्यार्थी किती आणि सरकारकडून पूर्ण फी परतावा किती जणांना मिळाला, हेही तिथेच असते. क्रमवारीच्या १०० गुणांत सर्वसमावेशकतेला १० गुण आहेत आणि लोकांच्या मनातल्या प्रतिमेलाही १०. ज्या कॉलेजात फी परताव्याच्या रकान्यात शून्य आहे, तिथे आपल्या मुलाचे स्वागत टोपी देऊन झाले तरी ते स्वागत नव्हे.

चौथा प्रश्न सन्मानाचा. २०१२ च्या यूजीसी नियमांनी समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी बंधनकारक केले. तरीही २०१६ साली हैदराबादला रोहित वेमुला गेला, २०१९ साली मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. या नियमांची अंमलबजावणी व्हावी म्हणून राधिका वेमुला आणि आबेदा तडवी या दोन मातांना सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. तेव्हा फलकावरच्या नंबरवर फोन लावून पाहणे हा आगाऊपणा नाही. त्या मुलीने जे केले ते प्रत्येकाने करावे.

आणि एक गोष्ट. ओपन डेच्या दिवशी तर जाच, पण एखाद्या साध्या मंगळवारीही जा. मेसमध्ये बसा. आपल्या गावाकडचा, आपल्या समाजाचा मुलगा शोधा आणि त्याला विचारा, "तुझ्या धाकट्या बहिणीला इथं आणशील का?"

शासकीय कॉलेजची ओल, कुलूप आणि उर्मट खिडकी आम्ही माफ करत नाही. तिथे आपला हक्क लागू आहे, म्हणून तिथेच भांडले पाहिजे. खाजगी कॉलेजांनीही प्रवर्गनिहाय फी, वसतिगृहातील जागा आणि कक्षाच्या अधिकाऱ्याचे नाव पुस्तिकेच्या पहिल्या पानावर छापावे, अशी मागणी आम्ही लेखी करणार आहोत.

आमच्या नऊ जणांपैकी चौघांनी त्याच ओल आलेल्या शासकीय कॉलेजला पहिला पसंतीक्रम दिला आहे. तिघांनी जिल्ह्याच्या ठिकाणच्या कॉलेजांना. दोघांचे अजून ठरत नाही. अर्ज भरायचा आठवडा संपेपर्यंत विहार रोज संध्याकाळी सात ते दहा उघडा राहील. कागदपत्रे घेऊन या, आई-वडिलांना सोबत आणा. सहा नंबरचे काउंटर यंदा आपल्या विहारात आहे आणि तिथे कर्ज देणारा माणूस बसलेला नसेल.

जय भीम!