वर्गात मूल बोलले पाहिजे : मारेगाव तालुक्यातील नागरिकांस जाहीर आवाहन



जूनच्या अखेरीस विदर्भातील शाळांची दारे उघडतात, पटावर नावे चढतात, गणवेश व पाठ्यपुस्तके वाटली जातात, आणि शाळेविषयीचे आपले कर्तव्य तेथेच पुरे झाले असे आपल्यापैकी बहुतेकांना वाटू लागते. छताची गळती, कुंपणाची भिंत, शिक्षकांच्या रिक्त जागा यांविषयी आपण ग्रामसभेत बोलतो, पंचायत समितीच्या कचेरीत अर्ज देतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या चार भिंतींच्या आत दिवसभर नेमके काय चालते, शिक्षक किती बोलतात व मूल किती बोलते, प्रश्न कोणाला विचारला जातो आणि वर्षभरात कोणाला एकदाही विचारला जात नाही, ह्याची चौकशी करण्याचा प्रघात आपल्याकडे नाही. तो पाडावा, एवढ्यासाठीच हे आवाहन आहे.

आपल्या पुष्कळ वर्गांतील अध्यापनाचा क्रम पिढ्यानपिढ्या ठरून गेलेला आहे. शिक्षक धडा वाचतात, अर्थ सांगतात, प्रश्नांची उत्तरे फळ्यावर लिहितात, मुले ती वहीत उतरवून घेतात, आणि वह्या भरलेल्या पाहून तपासणीस आलेले अधिकारी व घरी वाट पाहणारे पालक दोघेही समाधान पावतात. ह्या साऱ्या व्यवहारात मुलाच्या बुद्धीला काम किती पडले, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. ग्रामीण भारतातील मुलांच्या वाचनाची व गणिताची पाहणी करणाऱ्या ‘असर’ अहवालाने 2022 साली दाखवून दिले की, देशाच्या खेड्यांतील इयत्ता पाचवीच्या मुलांपैकी निम्म्याहून कमी मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. पाच वर्षे शाळेत हजेरी लावूनही वाचता न येणाऱ्या मुलाला आपण मंद म्हणतो आणि स्वतःची सुटका करून घेतो. माझ्या मते दोष मुलाचा नाही. त्याला पाच वर्षे नुसते ऐकायला बसविणाऱ्या पद्धतीचा आहे.

ऐकलेले व पुन्हा पुन्हा वाचलेले आपल्याला येते असे वाटणे, हा मनाचा एक मोठा भ्रम आहे. रोडिगर व कार्पिके ह्या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा दोनदा वाचला, तर दुसऱ्याने एकदा वाचून, उतारा बाजूला ठेवून, आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी पाहिले तेव्हा दोनदा वाचणारे किंचित पुढे होते. आठवड्याने पाहिले तेव्हा त्यांना सुमारे 42 टक्के भाग आठवला, आणि आठवून लिहिणाऱ्यांना 56 टक्के. ह्याचा आपल्या शाळांना उपयोगी अर्थ असा की, वही मिटून, पाटी समोर घेऊन, ‘काल आपण काय शिकलो ते सांग’ एवढे म्हणण्यात खर्ची पडणारी रोजची पाच-दहा मिनिटे तोच धडा पुन्हा समजावून सांगण्यापेक्षा अधिक फलदायी असतात, आणि त्यांसाठी कोणत्याही अनुदानाची वा मंजुरीची गरज पडत नाही. मात्र हे आठवणे गुण देण्यासाठी नसावे. चुकले तर हसू होणार नाही, ही खात्री मुलाला असल्यावाचून ते तोंड उघडणार नाही.

तोंड उघडण्यास वेळही मिळाला पाहिजे. मेरी बड रो ह्या विदुषीने 1974 साली आपल्या निरीक्षणांतून दाखविले की, प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात आणि मग दुसऱ्या मुलाकडे वळतात किंवा स्वतःच उत्तर देऊन टाकतात. तीच शांतता तीन सेकंदांपर्यंत लांबविली तर उत्तरे मोठी व विचारपूर्वक होतात, गप्प राहणाऱ्यांची संख्या घटते, आणि शिक्षकांनी ज्यांच्याविषयी आशा सोडलेली असते अशीही मुले बोलू लागतात. पहिल्या बाकावरच्या चार हुशार मुलांच्या उत्तरांवर सबंध वर्गाला समजले असे गृहीत धरण्याची आपली सवय ह्या दोन सेकंदांच्या धीराने मोडू शकेल, असे मला मनापासून वाटते.

आता जो विषय आपल्या तालुक्याला सर्वांत जवळचा आहे आणि ज्याविषयी आपण सर्वांत कमी बोलतो, त्याकडे वळतो. मारेगावच्या आसपास, बोटोणीच्या जंगलपट्ट्यात आणि तालुक्यात ठिकठिकाणी कोलाम बांधवांचे पोड, म्हणजे वस्त्या, आहेत. तेथील मूल सहाव्या वर्षी शाळेत येते ते कोलामी भाषा घेऊन येते. ही द्राविड कुळातील भाषा आहे. गोंडी व तेलुगू तिच्या नात्यातल्या, मराठी नव्हे. सेतुमाधवराव पगडी यांनी 1950 साली आणि एमेनो ह्या भाषाशास्त्रज्ञाने 1955 साली तिची व्याकरणे प्रसिद्ध केली, म्हणजे विद्वानांनी तिची दखल घेऊन सत्तर वर्षे होऊन गेली; शाळेने मात्र ती क्वचितच घेतली. कोलामीत एकवचनी नामांची विभागणी पुरुषवाचक आणि इतर सर्व अशी दोनच गटांत होते. स्त्री आणि निर्जीव वस्तू यांसाठी तेथे वेगळे लिंग नाही. असे मूल मराठी बोलताना ‘ती’च्या जागी ‘ते’ म्हणते किंवा क्रियापदाचे रूप चुकविते, तेव्हा ते स्वतःच्या भाषेचे व्याकरण इमानाने पाळीत असते, आणि आपण त्याला अडाणी ठरवून हसतो. एकदा हसू झालेले मूल पुन्हा बोलत नाही. काही महिन्यांत त्याची हजेरी तुटते. आणि पुढे दप्तरात त्याची नोंद शाळाबाह्य मूल अशी होते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या 2009 च्या कायद्याने शक्य असेल तेथवर शिक्षणाचे माध्यम मुलाची मातृभाषा असावे असे स्पष्ट म्हटले आहे, आणि 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तोच आग्रह निदान पाचवीपर्यंत धरला आहे. प्रत्येक पोडासाठी कोलामी भाषक शिक्षक आज मिळणार नाही, हे मान्य. पण पोडातील एखादी आजी वा शिकलेली तरुणी पहिली-दुसरीच्या वर्गात काही वेळ बसली, मुलाने कोलामीत सांगितलेले तिने मराठीत सांगितले, आणि शिक्षकांनी वर्गातील वस्तूंची कोलामी नावे फळ्यावर मराठी नावांच्या शेजारी लिहिली, तर मुलाला कळेल की येथे आपले बोलणे चालते. गोंडी बोलणाऱ्या मुलांविषयीही हेच म्हणावे लागेल, आणि घरी वऱ्हाडी बोलणाऱ्या आपल्या स्वतःच्या मुलांविषयीही. शुद्ध मराठी त्यांना जरूर यावी. ती येण्याची वाट त्यांच्या बोलीवरून जाते.

बोलायचे तर कशाविषयी, असा प्रश्न कोणी करील. ह्या तालुक्यात त्याला उत्तर शोधावे लागत नाही. ऑक्टोबर 1937 मध्ये आपल्या शेजारच्या वर्ध्याला महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने योजना आखली, आणि हस्तोद्योगातून सर्व विषय शिकविण्याची नई तालीम सेवाग्रामला उभी राहिली. पुढे अनेक ठिकाणी ती सूत काढण्यापुरती उरली आणि विषयांशी असलेला धागा तुटला, हे खरे आहे. तरीही मुलाच्या हातातील कामातून प्रश्न उपजावा, हे तिचे तत्त्व आजही अबाधित आहे. आपल्या गावातला कापूस घ्या. वेचणाऱ्या मजुराला किलोमागे मिळणारा दर, काट्यावर उतरलेले वजन, ओलाव्यापोटी व्यापाऱ्याने केलेली कपात, हमीभाव व प्रत्यक्ष भाव यांतील फरक, जिनिंगमध्ये सरकी वेगळी झाल्यावर रुईचा राहणारा उतारा, ह्या प्रत्येकात बेरीज, गुणाकार, शेकडेवारी आणि गुणोत्तर भरलेले आहे. मार्डी वा कुंभ्याच्या मुलाने घरची विक्रीची पावती वर्गात आणावी, चौघांनी मिळून ती तपासावी, आणि हिशेब बरोबर आहे की नाही हे फळ्यासमोर उभे राहून सांगावे. ज्या शेकडेवारीचा पुस्तकात कंटाळा येतो तीच येथे घराची गरज होऊन बसते. सोयाबीनवरील किडी, वर्धा नदीची पातळी, विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यात किती खाली जाते, हे विज्ञान व भूगोलाचे साहित्य आपल्या दारात आहे. हे करण्यास शिक्षकांना पाठ्यक्रम सोडावा लागत नाही. पाठ्यक्रम ज्यासाठी लिहिला गेला त्याच कामी तो लावणे, एवढेच ते आहे.

हा विचार आपल्या राज्याला नवा नाही. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटच्या जिल्हा परिषद शाळांनी ज्ञानरचनावादाची, म्हणजे मुलाने स्वतः करून व बोलून आपले ज्ञान रचावे ह्या विचाराची, वाट चोखाळली, आणि 22 जून 2015 च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाल्यावर राज्यभरातील शिक्षक ते पाहावयास गेले. परत आल्यावर अनेक शाळांनी फरश्या रंगविल्या, तक्ते लावले. मुलांचे बोलणे, गटात बसणे, एकमेकांना शिकविणे हे जे त्या कामाचे मर्म होते, ते मात्र सर्वत्र उतरले नाही. रंग लवकर दिसतो म्हणून आपण रंगाचीच नक्कल केली, अशी माझी खंत आहे.

एकाच वर्गात वाचणारी व अक्षरेही न ओळखणारी मुले शेजारी बसतात, आणि शिक्षक एक, इयत्ता दोन, अशी आपल्या लहान शाळांची स्थिती असते. ह्यावर मुंबईने एक उपाय करून पाहिला आहे. ‘प्रथम’ ह्या संस्थेने वस्तीतल्याच शिकलेल्या मुलींना ‘बालसखी’ म्हणून नेमले; तिसरी-चौथीतील मागे राहिलेल्या मुलांना त्या रोज सुमारे दोन तास वेगळे बसवून, त्यांच्या इयत्तेऐवजी त्यांच्या पातळीपासून शिकवीत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई व बडोद्यातील ह्या कामाची काटेकोर तपासणी केली आणि मुलांच्या शिकण्यात ठळक वाढ झाल्याचे 2007 साली प्रसिद्ध केले; त्या दोघांना पुढे 2019 साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. गावातील माणसाने गावातील मुलाला शिकवावे, ह्या कल्पनेला महाराष्ट्रात त्याहून जुना आधार आहे: 1882 साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी मागणी केली होती की, प्राथमिक शिक्षक शेतकरी समाजातून निवडावेत, जे मुलांत मोकळेपणी मिसळतील आणि वेळ पडल्यास नांगराची मूठ धरण्यास लाजणार नाहीत.

म्हणून, माझ्या बंधुभगिनींनो, विनंती अशी आहे. पालकांनी घरी आल्यावर मुलाला ‘किती लिहिलेस’ हे न विचारता ‘आज तू वर्गात काय विचारलेस, काय सांगितलेस’ हे विचारावे, आणि वही कोरी दिसली म्हणून गुरुजींना वा बाईंना दूषण देऊ नये. दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी सुरू झाली की मुला-मुलींची हजेरी घसरते, हे शेतमालकांना व आईवडिलांना दोघांनाही ठाऊक आहे. शाळेच्या वेळात मुलांच्या कमरेला वेचणीची ओटी बांधू नये, अशी कळकळीची प्रार्थना आहे. पदवी घेऊन मारेगावात नोकरीची वाट पाहत असलेल्या तरुण-तरुणींनी मुख्याध्यापकांच्या संमतीने आठवड्यातून दोन दुपारी जवळच्या शाळेत मागे पडलेल्या पाच-सात मुलांना घेऊन बसावे. शिक्षक बंधुभगिनींना सांगणे एवढेच की, शाळांच्या समूह-केंद्राच्या शिक्षण परिषदेत परिपत्रके वाचण्याइतकाच वेळ एकमेकांचे पाठ पाहण्यास द्यावा. आणि त्यांच्यावर पडणाऱ्या अशैक्षणिक कामांविषयी गावाने त्यांची बाजू घ्यावी, कारण जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुका वगळता अशी कामे शिक्षकांना देऊ नयेत, हे वर उल्लेखिलेल्या 2009 च्या कायद्याच्या 27 व्या कलमात आहे.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत, असेही हाच कायदा म्हणतो. ह्या समितीला शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवण्याचा अधिकार वापरण्यास कोणाच्या शिफारशीची आवश्यकता नाही. येत्या सभेच्या विषयपत्रिकेवर बांधकाम व खर्च यांच्या आधी एक विषय घ्यावा: आपल्या शाळेतील किती मुले गेल्या आठवड्यात वर्गात बोलली, जी बोलली नाहीत ती कोणत्या वस्तीची व कोणत्या भाषेची आहेत, आणि त्यांच्यासाठी पुढील महिन्यात कोण काय करणार. उत्तर नावनिशीवार इतिवृत्तात लिहावे आणि पुढच्या सभेत तेच पान प्रथम उघडावे, ही माझी सर्वांना हात जोडून विनंती आहे.

आपला,
मारेगाव तालुक्यातील एक जुना शिक्षक