विळ्यासारखी वाकलेली पेशी

पहिला पाऊस पडून पेरणीची घाई सुरू झाली की विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या काही घरांत एखादे पोर हातपाय धरून कण्हू लागते. हाडे फुटल्यासारखी दुखतात, डोळे पिवळट दिसतात, अंगात कणकण असते. कुणी म्हणते वात धरला, कुणी म्हणते बाहेरचे लागले. अंगारा होतो, उतारा होतो, एखादी कोंबडी जाते. पाचसहा दिवसांनी दुखणे उतरते, अंगाऱ्याला यश मिळते, आणि महिना-दोन महिन्यांनी पोर पुन्हा कण्हू लागते. अशा घरी रक्त तपासले तर पुष्कळदा निघतो तो सिकलसेल. 'सिकल' म्हणजे आपला गवत कापायचा विळा. या रोगाविषयी आपल्या गावांतून इतके गैरसमज आहेत, की या खेपेस थोडे मुळापासून सांगतो. मंडळींनी कंटाळू नये.

रक्ताच्या तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन नावाचे प्रथिन ठासून भरलेले असते. एका पेशीत त्याचे सुमारे 27 कोटी कण! फुप्फुसातला प्राणवायू उचलायचा आणि अंगभर पोचवायचा, हे त्यांचे काम. प्रत्येक कण चार माळांचा बनलेला असतो; दोन माळा 141 मण्यांच्या, दोन 146 मण्यांच्या. सिकलसेलमध्ये बिघडतो तो या 146 मण्यांच्या माळेतला सहावा मणी. तेवढा एकच. पाण्याशी मैत्री असणाऱ्या मण्याच्या जागी पाण्याला टाळणारा, तेलकट स्वभावाचा मणी येऊन बसतो. बाकीची माळ जशीच्या तशी.

हा मणी बदलतो कशाने? माळ कशी ओवायची याचा मजकूर जनुकात लिहिलेला असतो आणि त्यातले एक अक्षर बदललेले असते. सातबाऱ्यावर एखादे अक्षर चुकीचे पडले की पुढच्या वारसांच्या उताऱ्यांतही तेच उतरत जाते, तसा हा प्रकार. फरक एवढाच, की तलाठ्याकडची चूक अर्ज करून दुरुस्त होऊ शकते.

आता गंमत पाहा. कणाने प्राणवायू धरलेला असेपर्यंत काही बिघडत नाही. प्राणवायू सोडला की कणाचा आकार किंचित बदलतो, शेजारच्या कणावर एक खोबण उघडी पडते आणि तो तेलकट मणी तिच्यात जाऊन बसतो. एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा असे कण चिकटत जातात, आणि अंबाडीचा दोर वळावा तसा चौदा पदरांचा दोर पेशीच्या आत तयार होतो. असे कित्येक दोर झाले की मऊ, वाटोळी पेशी ताणली जाऊन विळ्यासारखी वाकते. थंडीत तूप थिजते आणि उन्हात ठेवले की पातळ होते, तसे हेही पुन्हा प्राणवायू मिळताच विरघळते. पण असे वरचेवर थिजत-विरघळत राहिले की पेशी कायमची वाकडी होते.

वाकडी, ताठर पेशी केसाहून बारीक नळ्यांतून जाताना अडकते. पाटात काडी-कचरा अडकून पुढचे वाफे कोरडे राहावेत, तशी त्यापुढची हाडे, स्नायू प्राणवायूविना तळमळतात. तीच ती वेदना. आणि निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, तर ही दहा-वीस दिवसांत फुटते. म्हणून अंग पांढुरके, डोळे पिवळे.

या थिजण्याला थोडा वेळ लागतो आणि बारीक नळीतून पेशी दोन-चार सेकंदांत पार होते. थिजण्याआधी निसटली तर निभावले. पेशीतले पाणी जरा जरी आटले तरी थिजण्याची वेळ फार अलीकडे येते. म्हणून अशा मुलाने दिवसभर पाणी पीत राहावे, भर उन्हात उपाशी-तहानलेले राबू नये, विहिरीच्या गार पाण्यात डुंबू नये, पावसात भिजले तर ओले कपडे लगेच बदलावेत. हे लाड नव्हेत.

वैद्यकाला हा रोग प्रथम नीट दिसला तो अमेरिकेत. शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून शिकायला आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात या वाकड्या पेशी असल्याचे 1910 साली प्रसिद्ध केले. 1949 साली लायनस पाउलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोष हिमोग्लोबिनमध्येच आहे हे दाखवले, आणि पुढे सातआठ वर्षांत केंब्रिजमध्ये व्हर्नन इनग्राम यांनी नेमका बदललेला मणी शोधला. प्रथिनांच्या गाठी होण्याचे आणखीही रोग आहेत. हंटिंग्टनच्या दुर्मीळ आनुवंशिक रोगात मेंदूच्या पेशींत अशा गाठी जमतात. पण आपल्या दारात आहे तो सिकलसेल.

तो आपल्याकडेच का? याचे उत्तर हिवतापात आहे. ज्याच्याकडे एकच बदललेले जनुक असते तो 'वाहक'. तो सहसा निरोगी असतो आणि घातक हिवतापापासून त्याचा बऱ्यापैकी बचाव होतो. हिवतापाच्या रानावनांत पिढ्यान्‌पिढ्या अशी माणसे अधिक तगली. म्हणून आदिवासी समाजांत, तसेच विदर्भातल्या अनुसूचित जातींत व इतरही काही समाजांत हे जनुक अधिक दिसते. याला अमक्या जातीचा रोग म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की ज्याने पूर्वजांना जगवले त्याचेच हे दुसरे अंग आहे.

आता सोयरिकीकडे येऊ. घरोघरी दुःख होते ते इथेच. प्रत्येकाजवळ या जनुकाचे दोन दाणे असतात, एक आईकडून, एक बापाकडून. दोन्ही दाणे बदललेले आले तरच हा आजार होतो. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारांत एक वाटा आजारी मुलाचा, दोन वाटे वाहकाचे, एक वाटा पूर्ण निरोगी मुलाचा. 'प्रत्येक' हा शब्द विसरू नका. पहिले मूल आजारी निघाले म्हणजे पुढची तीन सुटली, असा हिशेब निसर्ग ठेवत नाही. आणि अशा मुलाची आई ऐकून घेते ती बोलणी तर ऐकवत नाहीत. सासूबाई, एक दाणा तुमच्या मुलाने दिल्याखेरीज हा आजार होतच नाही! मामाची मुलगी करण्याची चाल आपल्याकडे आहे. घराण्यात हे जनुक असेल तर अशा लग्नात दोघेही वाहक निघण्याचा संभव वाढतो.

वाहक-वाहकाने लग्न करूच नये असे मी म्हणत नाही. तो ज्याचा त्याचा प्रश्न. पण साखरपुड्याआधी दोघांनी रक्त तपासावे. लग्न झालेच असेल तर दिवस राहिल्याबरोबर डॉक्टरांना सांगावे. गर्भाची तपासणी सुरुवातीच्या महिन्यांतच करता येते. केंद्र सरकारने 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशात शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली असून 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट आहे. पहिली चाचणी साधी असते. थेंबभर रक्त एका द्रावणात घालतात. गढूळ होऊन नळीपलीकडच्या रेघा दिसेनाशा झाल्या की सिकल हिमोग्लोबिन आहे असे समजतात. पेशीत जे थिजते तेच नळीत थिजते! मात्र माणूस वाहक की आजारी हे यावरून कळत नाही, त्याला पुढची तपासणी लागते. तान्ह्या बाळालाही ही नळी उपयोगाची नाही, कारण त्याच्या रक्तात अजून गर्भातले हिमोग्लोबिन भरपूर असते. ते या दोराला जुळत नाही, म्हणून पहिले काही महिने बाळ सुखरूप दिसते.

औषधाची युक्तीही हीच आहे. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध ते बाळपणीचे हिमोग्लोबिन पुन्हा वाढवते आणि दुखण्याच्या खेपा कमी करते. ते रोज घ्यावे लागते, मधून मधून रक्त तपासावे लागते, आणि मूल हवे असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे लागते. 2023 च्या अखेरीस इंग्लंड-अमेरिकेत जनुकावरच कात्री चालवणाऱ्या उपचाराला मंजुरी मिळाली, पण अमेरिकेत त्याची किंमत सुमारे 22 लाख डॉलर ठेवली गेली. आपल्यापुरते बोलायचे तर गोळीच खरी.

अंग पांढुरके दिसते म्हणून परस्पर लोहाच्या गोळ्यांचा मारा करू नये. येथे रक्त पेशी फुटल्याने कमी होते. लोह कमी आहे का हे तपासूनच द्यावे. ताप आला, छातीत दुखून धाप लागली, किंवा डाव्या बरगडीखाली पोट एकाएकी फुगून मूल मलूल पडले, तर रात्र असली तरी गाडी जोडा. सकाळची वाट पाहू नका.

शाळेतल्या गुरुजींना मात्र आधीच सांगून ठेवा. या आजारात मूत्रपिंडांना लघवी घट्ट करता येत नाही. मूल सारखे पाणी मागते, सारखे बाहेर जाऊ द्या म्हणते, रात्री अंथरूण ओले करते. त्यासाठी त्याला बाकावर उभे करू नये आणि घरीही मारू नये.