म्हणींना प्रतिपक्ष हवा

परदेशातल्या आपल्या मराठी शाळेत म्हणी शिकवण्याचा साचा ठरलेला आहे: म्हण, अर्थ, वाक्यात उपयोग. मुलं पाठ करतात, गणेशोत्सवातल्या स्पर्धेत घडाघडा म्हणून दाखवतात, आईवडील टाळ्या वाजवतात. घरी जाताना गाडीत मात्र त्यातली एकही म्हण कोणाच्या तोंडी येत नाही. दोष मुलांच्या आळसाचा नाही की इथल्या वातावरणाचाही नाही. आपण म्हण सुविचार म्हणून शिकवतो आणि ती तर वादात वापरायची चीज आहे.

सुविचाराला कोणी उलट उत्तर देत नाही, म्हणीला देतात. एकानं 'पाचामुखी परमेश्वर' म्हटलं की दुसरा 'ऐकावे जनाचे, करावे मनाचे' म्हणून मोकळा. 'गाव करी ते राव न करी' म्हणावं, तर 'बारभाईची शेती, काय लागेल हाती' तयारच असते. इंग्रजीतही उडी मारण्याआधी नीट बघ असं बजावणारी म्हण आहे आणि कचरला तो बुडाला असं सांगणारीही.

संग्राहकांचे उपकार मोठे आहेत. आल्फ्रेड मॅनवारिंग यांचं मराठी म्हणींचं पुस्तक १८९९ साली निघालं, दाते-कर्वे यांनी पुढे 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' सिद्ध केला. पण कोशाच्या अकारविल्हे यादीत 'ऐकावे' जातं 'ऐ'खाली, 'पाचामुखी' जातं 'प'खाली आणि त्यांची गाठ काही पडत नाही.

गावात ती रोज पडते. माझं नामपूर बागलाणातलं, मोसम नदीकाठचं, कांद्याचं गाव. उन्हाळ कांदा निघाला की घराघरात अहिराणीत एकच प्रश्न असतो: कांदा आते इकाना का चायमा भराना? म्हणजे आता विकायचा की चाळीत साठवायचा? चाळीत भरला तर दिवाळीकडे भाव चढण्याची आशा असते, पण तोवर वजन घटतं, काही सडतो, काहीला कोंब फुटतात. विकावा म्हणणारा 'हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये' असं ऐकवतो. थांबावं म्हणणारा 'उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग' म्हणून त्याला गप्प करतो. दोघंही खरं बोलतात. त्या वर्षी कोणती म्हण लागू पडते हे ओळखण्यातच शहाणपण, आणि ते बाजार समितीत ट्रॅक्टरांच्या रांगेत उभं राहून येतं. ८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली, ती मे २०२४ मध्ये उठली. मधल्या काळात अनुदानाच्या गोष्टी ऐकणाऱ्या शेतकऱ्याला 'भीक नको, पण कुत्रं आवर' याचा अर्थ वहीत लिहून घ्यावा लागला नसता.

कोणी म्हणेल, दोन्ही बाजूंनी बोलणाऱ्या म्हणींचा उपयोग काय? उपयोग हाच. एकच बाजू सांगणारी म्हण उपदेश होते आणि तेरा वर्षांच्या मुलाला उपदेशाइतका कशाचाच कंटाळा नसतो. आधी अर्थ तर कळायला हवा, हा आक्षेप मात्र रास्त आहे. त्यासाठी यादी जरूर द्यावी, पण तिथे थांबू नये.

आणखी एक अवघड गोष्ट. आपल्या कितीतरी म्हणी बायकांना आणि खालच्या मानलेल्या जातींना टोचणाऱ्या आहेत. शाळेत आपण त्या गुपचूप गाळतो. लहानांपुरतं ते ठीक, पण मोठ्या मुलांसमोर त्या ठेवाव्यात आणि त्यांच्याकडूनच खोडून घ्याव्यात. 'मुलगी म्हणजे परक्याचं धन' याला सडेतोड उत्तर जुन्या यादीत मिळालं नाही, तर वर्गातल्या मुलींनी ते रचावं. जुन्या म्हणीही कोणीतरी कधीतरी रचल्याच होत्या.

म्हणून एक सूचना. यंदा 'म्हणी ओळखा' स्पर्धेऐवजी म्हणींचा सामना ठेवू. दोन संघ, त्यात मुलं आणि आजी-आजोबा मिसळलेले. प्रश्न इथला: घर आता घ्यायचं की व्याजदर उतरेपर्यंत थांबायचं? सुट्टीत भारतात जायचं की इथंच फिरायचं? प्रत्येकानं म्हणीनं बोलायचं, समोरच्यानं म्हणीनंच परतवायचं. गुण पाठांतराला नाहीत, नेमकी म्हण नेमक्या वेळी टाकण्याला. आजोबांच्या अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी म्हणींना एक गुण जास्त. आणि अर्थ कोणाला विचारायचा नाही. ज्याला तो कळला नसेल, त्याची खोड प्रतिपक्ष मोडेलच.