'गौण' कोणाच्या लेखी?

१९५७ च्या खाण व खनिज कायद्यात 'गौण खनिज' असा एक शब्द आहे. इमारतीचा दगड, खडी, साधी वाळू या साऱ्यांची वासलात या एका शब्दात लावलेली आहे. मुरूमही त्याच पंगतीत बसतो. या खनिजांचे नियम करण्याचा अधिकार कलम १५ अन्वये राज्यांना मिळाला आणि राज्यांनी तो मुख्यतः एकाच दृष्टीने वापरला : किती ब्रास माल निघाला आणि त्यावर स्वामित्वधन किती जमा झाले. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतील टेकड्यांची, माळांची आणि नदीपात्रांची सरकारदरबारी ओळख या मापाने होते. ज्या भूमीचा इतिहास कोट्यवधी वर्षांचा आहे, तिची नोंद महसूल खात्यात ब्रासमध्ये व्हावी, या हिशोबातच मूळ खोट आहे. ती खोट भूशास्त्रज्ञांइतकीच शेतमजुराच्याही मुळावर येणारी आहे, हे समाजवादी कार्यकर्त्यांनी ध्यानात घेतले पाहिजे.

मराठवाड्यात पाहण्यासारखे भूरूप नाही, असा एक सार्वत्रिक समज आहे. कोकणाला समुद्र आणि सह्याद्रीचे कडे लाभले. बुलढाणा जिल्ह्याला लोणारचे विवर लाभले. कर्नाटकाच्या किनाऱ्यालगत सेंट मेरी बेटांवर लाव्हाचे बहुकोनी खांब उभे आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशातील तीसहून अधिक स्थळांना राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा दिला, त्यांत लोणार आहे, सेंट मेरी बेटे आहेत. लातूर-नांदेडचे नाव नाही. नाव नाही म्हणून वारसा नाही, असा अर्थ सोयीस्करपणे काढला जातो.

वस्तुस्थिती वेगळी आहे. १९९३ च्या भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीला ६१७ मीटर खोल विवर घेतले. वरचे ३३८ मीटर लाव्हाचे थर निघाले, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांचे. त्यांच्याखाली अवघा ८ मीटरचा गाळाचा पट्टा लागला. लाव्हा पसरण्यापूर्वीच्या जमिनीचा तो उरलेला तुकडा. त्याच्याही खाली कित्येक पटींनी प्राचीन असा पायाचा खडक. औसा तालुक्यातील खरोसा येथे हाच लाव्हा पाण्यापावसात झिजून झालेल्या जांभ्यात सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी लेणी कोरली गेली. मांजरेच्या काठच्या जुन्या गाळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांना हत्ती, रानबैल आणि पाणघोडे यांचे अश्मीभूत अवशेष मिळाले. ज्या नदीत उन्हाळ्यात घोटभर पाण्यासाठी झरा खणावा लागतो, तिच्यात एके काळी पाणघोडे डुंबत होते, हे लातूरच्या किती शाळकरी मुलांना ठाऊक आहे? नांदेड जिल्ह्यात किनवटजवळ उनकेश्वरला उष्ण पाण्याचे झरे आहेत; पैनगंगेवर सहस्रकुंडाचा धबधबा खडकाच्या पायऱ्यांवरून कोसळतो. हे सारे एकाच ग्रंथाचे अध्याय आहेत. तो ग्रंथ रद्दीच्या भावाने विकला जात आहे.

या विषयात खरोखर जिवाचा प्रश्न कोठे येतो, हे किल्लारीने दाखवून दिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर गाढ झोपेत असलेली गावे दगडमातीच्या जाड भिंतींखाली गाडली गेली. हजारो माणसे मेली. दख्खनचे पठार म्हणजे स्थिर भूमी, असे तोवर पाठ्यपुस्तकांत शिकवले जात होते आणि भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात रंगवलेला होता. २००२ च्या सुधारित मानकात तो तिसऱ्या पट्ट्यात गेला. म्हणजे नकाशा दुरुस्त झाला तो माणसे मेल्यावर.

त्या पहाटे किल्लारीच्या पश्चिमेकडील शेतांत जमीन फाटली आणि एक बाजू दुसऱ्या बाजूवर चढून हातभर उंचीचा उंचवटा तुटक तुटक असा सुमारे एक किलोमीटरभर उमटला. स्थिर म्हटलेल्या भूमीच्या आत काय चालले आहे, याचा तो डोळ्यांना दिसणारा दाखला होता. शास्त्रज्ञांनी त्यावर चर खणून थर तपासले, निबंध लिहिले. पुढे काय झाले? काळ्या रानातला उंचवटा नांगरापुढे आणि पावसापुढे किती टिकणार? ज्याचे घर पडले आणि माणसे गेली, त्या शेतकऱ्याने आपले रान सारखे करून पेरणी केली, यात त्याचा काडीचाही दोष नाही. दोष आहे तो त्या पट्टीचा रास्त मोबदला देऊन ती सार्वजनिक मालकीत घेण्याचे ज्या शासनाला सुचले नाही त्याचा. पुनर्वसनाला जागतिक बँकेचे कर्ज मिळू शकले. त्याच जमिनीवरची काही गुंठ्यांची शास्त्रीय साक्ष राखायला मात्र कोणी पुढे आले नाही.

सोळा महिन्यांनी, १७ जानेवारी १९९५ रोजी, जपानमध्ये कोबेचा भूकंप झाला. अवाजी बेटावर नोजिमा प्रस्तरभंगाने जमीन अशीच फाडली. जपानने त्या फाटलेल्या जमिनीचा सुमारे १४० मीटरचा भाग छपराखाली घेतला, त्याला नैसर्गिक स्मारक ठरवले आणि १९९८ मध्ये ते संग्रहालय लोकांसाठी खुले केले. तेथे येणारे मूल आपल्या पायाखालची भूमी हलते कशी हे डोळ्यांनी पाहते आणि घर कसे बांधावे हे शिकते. जपान श्रीमंत आहे, हे उत्तर पुरेसे नाही. कुंपण, छप्पर आणि एक शिकलेला मार्गदर्शक यांना लागणारा पैसा लातूरला परवडत नाही, असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये.

आता वाळूकडे वळू. मांजरा आणि गोदावरी यांच्या पात्रातील वाळू हा पावसाळ्याचे पाणी मुरवून धरणारा साठा आहे. बसाल्टच्या प्रदेशात पाणी धरतात ते खडकाच्या सांधी, वरचा झिजलेला मुरूम आणि नदीकाठचा गाळ. या तिन्हींवर एकाच वेळी यंत्रे चालवायची आणि मग विहिरी आटल्या म्हणून पावसाला दोष द्यायचा, ही आमच्या विकासाची रीत झाली आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने लातूरला पाणी आणावे लागले. त्या टंचाईची कारणे अनेक होती, उसाची होती, धरणाच्या नियोजनाचीही होती. तथापि पाणी धरणारी भूमीच ब्रासने विकली जात असेल, तर आगगाड्या किती वर्षे पुरतील? ज्या काठच्या गाळात हत्तीचे दात सापडतात, तोच गाळ शेजारच्या विहिरीला पाझर देतो. एक वाचला तर दुसरा वाचतो. भूवारसा आणि पाणी हे दोन वेगळे प्रश्न आहेत, ही समजूतच टाकून दिली पाहिजे.

येथे आपल्याच कार्यकर्त्यांचा एक आक्षेप विचारात घेणे प्राप्त आहे. दगड आणि वाळू यांवर गरिबाची रोजी आहे. घरकुलाला वाळू लागते, रस्त्याला खडी लागते. अशा वेळी जुने खडक जपा म्हणणे हा शहरी सुशिक्षितांचा छंद नव्हे काय? आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही प्रामाणिक दिले पाहिजे. वडार समाजाने पिढ्यान्‌पिढ्या हाताने दगड फोडला. त्या हातांनी टेकडी संपली नाही. टेकडी संपवली ती सुरुंग, पोकलेन आणि खडी केंद्र यांनी, आणि त्यांनीच त्या हातांचे कामही संपवले. नदीतून बैलगाडीने वाळू नेणाऱ्या गरिबाला पोलीस अडवतात; रात्री धावणाऱ्या हायवांच्या रांगेला वाट मिळते. रोजी गरिबाची आणि नफा ठेकेदाराचा, असा हा व्यवहार आहे. दगड काढूच नये, असे कोणीही म्हणत नाही. कोठून काढावा, किती काढावा आणि कोणासाठी काढावा, हे ठरवण्याचा हक्क लिलावात सर्वांत मोठी बोली लावणाऱ्याकडे नसावा, एवढेच म्हणणे आहे.

अर्थशास्त्राच्या पहिल्या इयत्तेत भांडवल आणि उत्पन्न यांतील फरक शिकवतात. घरातले सोने मोडून आलेला पैसा कोणी पगार म्हणून लिहीत नाही. शासन मात्र नेमके तेच करते. पुन्हा कधीही न निर्माण होणारी टेकडी मोडून मिळालेले स्वामित्वधन महसुली जमेत धरते आणि उद्दिष्टपूर्ती झाली म्हणून पाठ थोपटून घेते. बियाणे दळून खाणाऱ्या कुणब्याला गाव शहाणा म्हणत नाही.

कायदे नाहीत असे नाही. पाच हेक्टरांहून लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दीपक कुमार प्रकरणात बजावले. वाळूच्या उपशापूर्वी जिल्हा सर्वेक्षण अहवाल करण्याचे बंधन २०१६ मध्ये आले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या खाण मंत्रालयाने भूवारसा स्थळे व भूअवशेष यांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला. हेतू स्वागतार्ह आहे. परंतु स्थळ ठरवण्याचे, जमीन संपादण्याचे सूत्र त्यात केंद्र सरकार आणि सर्वेक्षण खाते यांच्या हाती आहे. ग्रामसभेच्या संमतीची अट त्यात नाही. सहा महिन्यांची कैद आणि पाच लाखांपर्यंतचा दंड लिहिलेला आहे. दंडाच्या भीतीने टेकडी राखली जाते, यावर ज्याचा विश्वास असेल त्याने मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहून यावी : बसाल्टच्या खांबांचा तो दुर्मीळ कडा चहूबाजूंनी खाणींनी कुरतडला गेला आणि आज इमारतींच्या गराड्यात उभा आहे.

संरक्षणाचा दुसरा मार्ग भूमध्य समुद्रातील बेटांनी दाखवला आहे. ग्रीसच्या लेस्वोस बेटावर ज्वालामुखीच्या राखेत गाडले जाऊन दगड झालेले अरण्य आहे. १९८५ मध्ये ते संरक्षित निसर्गस्मारक झाले, १९९४ मध्ये त्याचे संग्रहालय स्थापन झाले आणि २००० मध्ये युरोपीय भूउद्यानांची साखळी उभी करणाऱ्या चार प्रदेशांत ते बेट होते. तेथील स्त्रियांच्या सहकारी संस्था या कामाशी जोडल्या गेल्या. माल्टाच्या गोझो बेटावरील समुद्रकमान मात्र ८ मार्च २०१७ च्या वादळात कोसळली. समुद्राने घडवलेले समुद्राने नेले. तेथे कोणाला जाब विचारायचा? लातूरच्या टेकडीला मात्र वादळ नेत नाही. तिच्या नाशावर परवान्याचा शिक्का असतो, आणि शिक्का मारणाऱ्याला जाब विचारता येतो.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव लोकांची जैवविविधता नोंदवही करण्याची तरतूद केली. तशीच भूवारशाची नोंदवही प्रत्येक ग्रामसभेने करावी आणि तिला कायद्याचे बळ मिळावे. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात भूशास्त्र शिकवले जाते. त्या विद्यार्थ्यांनी व प्राध्यापकांनी गावकऱ्यांसह ही पाहणी करावी. जिल्हा सर्वेक्षण अहवालात जीवाश्मांचे थर आणि पाणी धरणारा गाळ आधी दाखवावा, मगच लिलावाचा विचार व्हावा. खाणींतून जमा होणाऱ्या निधीचा निश्चित वाटा या जतनासाठी आणि काम गमावलेल्या दगडफोड्यांच्या नव्या रोजगारासाठी राखावा. किल्लारीला, गावकऱ्यांच्या संमतीने, १९९३ च्या भूकंपाची शास्त्रीय साक्ष सांगणारे लोकसंग्रहालय व्हावे. पुढचा भूकंप केव्हा होईल हे कोणी सांगू शकत नाही. घर कसे बांधावे हे मात्र शिकवता येते.

मोर्चे काढणे, तहसीलवर धरणे धरणे ही कामे कार्यकर्त्यांना नवीन नाहीत. त्यांत एका कामाची भर घालावी लागेल. पुढच्या ग्रामसभेत गावच्या टेकडीचा आणि नदीचा लिलाव कोणी, कोणत्या ठरावाने मंजूर केला, तो ठराव वाचून दाखवण्याची मागणी करावी. कूळकायद्याच्या लढ्याने कसणाऱ्याचा जमिनीवरचा हक्क मागितला. त्या जमिनीखालचा खडक, वाळू आणि पाणी यांवरचा हक्क मागणे, हा त्याच लढ्याचा राहिलेला भाग आहे. तो हक्क ज्या दिवशी गाव मागू लागेल, त्या दिवशी 'गौण' हा शब्द कायद्यातून काढण्याची मागणीही गावच करील.